मार्चमधली राखी

१९९२ साली, मार्च महिन्याच्या पहिल्याच दिवशी, रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला गिरीश टिपणीसला बहीण झाली. तो तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता.

हे घडलं कॉव्हेंट्रीतल्या अर्ल्सडन भागात, डॉक्टर मोहन खानविलकरांच्या स्वयंपाकघरात. मोहन ड्रेसिंग गाउनमध्येच टेबलाशी बसून रविवारचा जाडजूड पेपर चाळत होता. त्याची बायको सुमन पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती. त्यांची सतरा वर्षांची मुलगी मीनल टोस्ट खात होती, कारण पोह्यांना ती 'ते येलोवालं' म्हणायची आणि लांब ठेवायची. गिरीश दर रविवारसारखा नाश्त्याला आला होता. एवढ्यात खानविलकरांकडे महिनाभर पाहुणी म्हणून राहिलेली विओरिका मुन्तेआनु जिना उतरून खाली आली. तिनं गिरीशचा उजवा हात धरला, मुठीतून लाल-पांढऱ्या दोऱ्याचा पीळ काढला आणि त्याच्या मनगटाला बांधला. एक गाठ मारली, दुसरी मारली, जरा विचार करून तिसरीही मारली. मग ती केटल भरायला नळाकडे वळली.

"अरे वा!" मोहन पेपरावरून डोकं वर काढून मराठीत म्हणाला. "गिऱ्या, या वर्षी श्रावण लवकर आला की रे!"

"काका, राखी? इन मार्च?" मीनलनं टोस्ट खाली ठेवला. "पण काका तर ओल्ड आहे. राखी तर छोटा मुलांना बांधतात ना?"

"बांधतात ग, कुणालाही बांधतात," गिरीश म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला.

सुमननं पोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवली. "काय हो भावजी, बाईमाणसानं पुरुषाच्या मनगटाला दोरा बांधला, तर त्याला आपल्याकडे काय म्हणतात?"

"राखीच म्हणतात, वहिनी."

"मग झालं तर," सुमन म्हणाली आणि लिंबू कापायला लागली. तिच्या तोंडावर जे काही होतं ते लिंबाकडे होतं, त्यामुळे गिरीशला दिसलं नाही.

त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात त्या वेळी नेमका तसाच एक लाल-पांढरा दोरा होता. शहरातल्या गोल मार्केटमधून लोकर आणून, दोन संध्याकाळ खपून त्यानं तो स्वतः वळला होता. तो विओरिकाला द्यायचा म्हणून गेले तीन दिवस तो आरशासमोर एक वाक्य म्हणत होता. ते वाक्य त्यानं आता पोह्यांबरोबर गिळलं.

गिरीशला सख्खी बहीण नव्हती. मानलेल्या मात्र तीन होत्या, आणि तिन्ही मानायची कल्पना त्याची नव्हती. पहिली वैजयंती. पुण्यात कॉलेजच्या वाचनालयात ती समोर बसायची. तिच्याशी काय बोलायचं हे ठरवण्यात गिरीशनं एक शैक्षणिक वर्ष घालवलं, आणि ज्या दिवशी धीर करून तिच्या टेबलाशी गेला तो दिवस नारळी पौर्णिमेचा निघाला. वैजयंतीनं पर्समधून राखी काढली. ती तयारच ठेवली होती. दोन वर्षांनी तिच्या लग्नात गिरीशनं भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळला आणि त्याबद्दल त्याला पँटपीस मिळाला. तो पँटपीस त्यानं कधी शिवला नाही. बाकीच्या दोघींची हकीकत यापेक्षा थोडक्यात आटोपली होती.

तेव्हा दोऱ्याचा अर्थ त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. बाई शहाणी असली की नकार तोंडानं देत नाही, मनगटाला बांधते.

विओरिकाची ओळख झाली ती पुस्तकांमुळे. एकोणनव्वदच्या डिसेंबरात रोमानियात उलथापालथ झाली आणि कॉव्हेंट्रीकरांनी ब्लँकेटं, औषधं, दुधाची पावडर भरून लॉऱ्या धाडल्या. गिरीश एका लायब्ररीत संदर्भ विभाग सांभाळायचा. तिथल्या लोकांनीही आपल्या परीनं सोळा खोकी पुस्तकं धाडली. ती तर्गू साल्चिया नावाच्या कुठल्याशा छोट्या शहराला गेली. अडीच महिन्यांनी तिथल्या म्युझियमच्या आणि लायब्ररीच्या बाईंचं पत्र आलं. या दोन्ही संस्था एकाच इमारतीत होत्या आणि त्यांना मिळून एकच बाई होती.

'पुस्तकं मिळाली, आभारी आहोत,' तिनं लिहिलं होतं. 'त्यांत कॅरॅव्हॅनची देखभाल कशी करावी या विषयावरची सहा आहेत. आमच्या शहरात अशी चाकांवरच्या घराची गाडी एकही नाही. पण उद्या कोणी घेतलीच, तर आमच्या तयारीत काही कमी नाही.'

गिरीश टेबलाशी एकटाच हसला, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यानं लायब्ररीच्या पत्राला घरच्या पत्त्यावरून उत्तर दिलं. पुढची दोन वर्षं पत्रं येत-जात राहिली. तिच्या पत्रांतून तर्गू साल्चिया त्याच्या घरात थोडं थोडं राहायला आलं. मोल्डाव्हिया नावाच्या प्रांतात, एका सुस्त नदीच्या काठी, सोळा हजार वस्तीचं शहर. एके काळी मिठाच्या गाड्या आणि गुरांचे तांडे पोलंडकडे जायचे, त्या वाटेवरचं जकात नाकं. नाक्यावर आर्मेनियन व्यापारी थांबले, त्यांनी देऊळ बांधावं तसं हौसेनं चर्च बांधलं. ज्यू शिंपी आले, त्यांची गल्ली झाली. गल्ली अजून आहे, शिंपी नाहीत. त्यांतले फार थोडे आपल्या मर्जीनं गेले, असं विओरिकानं एका पत्रात लिहिलं होतं आणि पुढचा परिच्छेद सरळ हवामानावर आणला होता.

दुसऱ्या एका पत्रात म्युझियममधल्या उमरावाच्या चित्राची गोष्ट होती. पंचेचाळीसनंतर हुकूम आला की जमीनदारांची चित्रं खाली उतरवा. तेव्हाच्या म्हाताऱ्या क्युरेटरनं चित्र उतरवलं नाही, त्याच चौकटीत त्याच्यावरून ट्रॅक्टरचं चित्र ठोकलं. ट्रॅक्टर थोडा आखूड पडला. त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस वर्षं तर्गू साल्चियाच्या शाळकरी पोरांना वाटायचं, की सहकारी शेतीच्या ट्रॅक्टरला चाकांखाली चकचकीत बूट असतात. तपासनीस यायचे, बूट बघायचे, विओरिकाकडे बघायचे. ती म्हणायची, "कॉम्रेड, प्रगती पायीच येते."

गिरीशनं पत्रांवरून शहराचा नकाशा काढून पलंगासमोर लावला होता. कॉव्हेंट्रीत तो अजून कधीकधी रिंगरोडवर चुकायचा. पण तर्गू साल्चियात त्याला डोळे बांधून सोडलं असतं, तरी तो आर्मेनियन चर्चपासून लिंबाच्या झाडांच्या बागेपर्यंत बरोबर पोचला असता. तिच्या इंग्रजीतलं 'लाइम' म्हणजे लिंडेनचं सावलीचं झाड, आपला लिंबू नव्हे, हे त्याला दुसऱ्या वर्षी कळलं. नकाशात त्यानं काढलेली पिवळी फळं मग रबरानं खोडली.

आणि आता फेब्रुवारीत, एका छोट्या शिष्यवृत्तीवर, इंग्लंडमधल्या लायब्रऱ्या कशा चालतात ते बघायला ती स्वतःच आली. वय सेहेचाळीस, नवरा सत्त्याहत्तरच्या भूकंपात गेलेला, मूलबाळ नाही. गिरीशच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये तिला ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून मोहन-सुमनकडची मोकळी खोली. कॉव्हेंट्रीचा मधला चौक पहिल्यांदा बघून ती म्हणाली होती, "तुमचं शहर शत्रूनं पाडलं, आमचं आमच्या माणसांनी. बांधलं मात्र दोघांनीही सारखंच वाईट." गिरीश त्या वेळी तिच्या शेजारी उभा होता, आणि आपण आता बरे होणार नाही हे त्याला तिथंच कळलं.

आता प्रश्न असा, की इतकी पत्रं वाचूनही त्याला दोरा राखीसारखा का दिसला? त्याला कारण होतं पुस्तक. लायब्ररीच्या तळघरात एका इंग्रज बाईंचं जुनं प्रवासवर्णन होतं. त्यात रोमानियन सणांवर एक प्रकरण होतं आणि गिरीशला ते जवळपास पाठ होतं. एक मार्चला वसंताच्या स्वागताला पुरुष आपल्या आवडत्या स्त्रीला लाल-पांढरा दोरा देतो, त्याला मर्त्सिशोर म्हणतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुरुष स्त्रीला. छापलेलं होतं. मग इथं स्त्रीनंच पुरुषाला दोरा बांधला, याचा अर्थ काय? मंगळवारीच सुमनवहिनींनी तिला इथल्या मराठी मंडळाच्या राखीपौर्णिमेचे फोटो दाखवले होते. बाईनं ते बघितलं, मनाशी ठेवलं, आणि आपला धागा तुमच्या रीतीनं बांधला. नकार द्यायचा, पण समोरच्याच्या भाषेत द्यायचा. केवढं सौजन्य! गिरीशला त्या सौजन्याचं कौतुकच वाटलं. मग बसमध्ये त्याला रडू आलं.

सोमवारी त्यानं स्वतः वळलेला दोरा खूण म्हणून त्या इंग्रज बाईंच्या पुस्तकात घातला आणि पुस्तक तळघरात परत नेऊन ठेवलं. तिथं ते गेली अकरा वर्षं त्याच्याशिवाय कोणी मागितलं नव्हतं.

बुधवारी सुमनचा फोन आला.

"भावजी, राखी बांधून घेतलीत, पण ओवाळणीचं काय? हात हलवत निघून गेलात परवा."

"हो वहिनी, राहिलंच ते. काय देऊ? डिक्शनरी देऊ का चांगली?"

"डिक्शनरी?" फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. सुमननं बहुधा रिसीव्हरवर हात ठेवला होता. "साडी द्या. रविवारी मंडळात तिचं भाषण आहे, मी नेसवीन. बघा हं, रंग बिंग नीट बघून घ्या."

गिरीश फोलझिल रोडवर गेला. चार दुकानांच्या काचांतून बघून पाचव्यात शिरला. दुकानदार सरदारजी होते. गिरीशनं हिरव्यावर हात ठेवला तसे ते खुलले. "शादी है, साहब?"

"बहन के लिए है," गिरीश म्हणाला.

सरदारजींनी त्याचा चेहरा बघितला आणि पुढे काही न विचारता साडी बांधून दिली. हिरवी, लाल काठांची, टोपपदरी. हिरवी साडी आपल्याकडे केव्हा देतात हे गिरीशला ठाऊक नव्हतं असं नाही. पण विओरिकाच्या पत्रांत सगळ्यात जास्त वेळा आलेला रंग हिरवा होता, आणि त्याला तेवढंच सुचलं.

आठ तारखेला दुपारी, भाषणाला निघायच्या आधी, त्यानं ती तिच्या हातात दिली. नजर कार्पेटवर होती. विओरिकानं पुडकं उघडलं, घडीवरून हात फिरवला आणि त्याला विचारलं, "आज आठ मार्च. आमच्याकडे आज पुरुष बायकांना काहीतरी देतात. हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. ही... आमच्याकडची रीत आहे. दोऱ्याबद्दलची."

ती सुमनकडे वळली. "सुमन, तुमच्याकडे पुरुष बाईला अशी साडी देतो तेव्हा त्याचा काय अर्थ होतो?"

"फार मोठा अर्थ होतो," सुमन गंभीरपणे म्हणाली. "चल वर, नेसवते."

विओरिका जिन्यावरून वर गेली ती एकेक पायरी गाळत. सेहेचाळिसाव्या वर्षी बाई पायऱ्या गाळते म्हणजे काय, हे मोहनला खालून दिसलं. तो गिरीशकडे बघून काहीतरी बोलणार होता. पण जिन्यावरून सुमननं त्याच्याकडे असं बघितलं, की भूल देण्यात पंचवीस वर्षं घालवलेला तो डॉक्टर स्वतःच मुका झाला.

कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये होता. चाळीसेक माणसं जमली होती, त्यांत डॉक्टर बरेच, आणि पुढच्या रांगेत भारतातून मुलांकडे आलेल्या चार-पाच आज्या. अध्यक्ष डॉक्टर विष्णू दाणी निवृत्त झाले होते, पण शिस्त निवृत्त झाली नव्हती. मंडळाचा कार्यक्रम मराठीतूनच होईल, हा त्यांचा नियम होता. म्हणून विओरिकानं इंग्रजीत बोलायचं आणि मीनलनं मराठीत सांगायचं असं ठरलं. स्लाइडच्या प्रोजेक्टरवर गिरीश बसणार होता. प्रास्ताविक आणि आभार दोन्ही त्याच्याकडेच होते, कारण ही कामं मागून घेणारा दुसरा कोणी मंडळात नव्हता.

हिरव्या साडीत विओरिका व्यासपीठावर येऊन बसली तेव्हा आज्यांच्या रांगेत कुजबुज झाली. तिनं पदर असा घट्ट धरला होता, जणू तो सीमेवरून चोरून आणलाय.

गिरीश उठला. कागदावरचा मजकूर त्यानं चार वेळा नीट लिहून काढला होता. "अध्यक्षमहाशय आणि मित्रहो, आज आपल्यासमोर रोमानियातल्या एका लहानशा शहराचा इतिहास उलगडणार आहे. तो उलगडणाऱ्या विदुषी म्हणजे, आठवड्यापूर्वी ज्यांनी या मनगटावर राखी बांधली, त्या माझ्या भगिनी, विओरिकाताई."

टाळ्या पडल्या. विओरिका हसऱ्या चेहऱ्यानं मीनलकडे वाकली. "काय म्हणाले ते?"

"सिस्टर म्हणाले," मीनल कुजबुजली. "म्हणजे तू त्यांची सिस्टर. ऑफिशियली."

गिरीशनं हे बघितलं नाही. तो दिवे घालवून प्रोजेक्टरकडे निघाला होता.

अंधारात विओरिकाचं भाषण सुरू झालं, आणि सुरेख झालं. मिठाच्या गाड्या आल्या, आर्मेनियन चर्च आलं, बुटांचा ट्रॅक्टर आला तेव्हा डॉक्टर दाणीसुद्धा हसले. फक्त आवाज जरासा कोरडा होत चाललाय असं गिरीशला वाटलं. तिला पाणी नेऊन द्यावं का, याचा तो विचार करत होता, तेवढ्यात ती म्हणाली, "पुढची स्लाइड, मिस्टर टिपणीस."

दोन वर्षांत ती त्याला 'गिरीश' म्हणायला लागली होती. 'मिस्टर टिपणीस' तर कॅरॅव्हॅनच्या पत्रानंतर आलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर शाळेचं अंगण आलं. दोन वेण्या घातलेली एक मुलगी एका मुलाच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधत होती आणि मुलगा कॅमेऱ्याकडे बघून लाजत होता.

स्लाइड उलटी लागली, असंच गिरीशला आधी वाटलं. तो काढून बघायला वाकला, तेवढ्यात विओरिका बोलायला लागली आणि मीनल तिच्यामागून मराठीत सांगायला लागली.

"ही धागा मार्चमध्ये देतात. देशाच्या साउथमध्ये, म्हणजे दक्षिणला, पुरुष देतो बायकांना. सगळी इंग्लिश पुस्तकात तसंच लिहिलंय, कारण ती पुस्तक लिहिणारे लोक राजधानीच्या पुढे कधी गेलेच नाही. पण हिच्या भागात उलटा आहे. बाई देतो."

"देते," पुढच्या रांगेतल्या एका आजींनी दुरुस्ती केली.

"देते. आणि सगळ्या माणसांना नाही देते. एकालाच. जो तिला आवडते."

मग एकामागून एक खुर्च्या करकरल्या, कारण चाळीस माणसं मान वळवून प्रोजेक्टरकडे बघायला लागली होती.

"ती अजून म्हणते," मीनलच्या आवाजात आता भलताच उत्साह आला होता, "की ती वीस वर्षं म्युझियममध्ये आहे, तिनं खूप प्रथांचा अभ्यास केलाय. पण बाईनं धागा दिला, मग माणसानं तिला हिरवी साडी दिला, आणि मग चाळीस लोकांच्या समोर बहीण म्हटलं, ही प्रथा तिनं कुठं वाचली नाही. तुमच्याकडे ही जुनी प्रथा आहे का, की काकांनी आत्ता काढली?"

हशाचा असा काही लोट उठला, की शेजारच्या खोलीतले बॅडमिंटनवाले दार उघडून बघायला आले. गिरीशचा अंगठा बटणावर होता आणि तो तिथून हलेना. खट् खट् खट् करत स्लाइडी पुढे पळायला लागल्या. भूकंपात पडलेली भिंत गेली, शिंप्यांची गल्ली गेली, काँक्रीटच्या इमारती गेल्या, बाग गेली. चारशे वर्षांचं शहर अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोरून निघून गेलं आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड उरला. त्या उजेडात विओरिका उभी होती. सगळे हसत होते, तीही हसत होती. पण तिनं पदर आता मुठीत धरला नव्हता. सोडून दिला होता, परत करायच्या वस्तूसारखा.

ते बघून गिरीशचा अंगठा बटणावरून निघाला. आपलं हसं झालं याचं त्याला काही वाटलं नाही, त्याची सवय होती. पण या बाईनं तीन गाठी मारल्या होत्या.

मोहननं दिवे लावले. सुमन चहाच्या ट्रेकडे जायला उठली, तशी गिरीशनं तिला वाटेत गाठलं. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आदल्या रात्री तिनं मला विचारूनच दोरा वळला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी नुसते प्रश्न विचारले, भावजी. उत्तरं सगळी तुमची." मग तिचा आवाज खाली आला. "वीस वर्षं तुमच्यासाठी स्थळं बघतेय. दर वेळी तुम्ही पळ काढता. म्हटलं या वेळी पळायला जागाच ठेवायची नाही. पण भगिनी म्हणाल असं मात्र वाटलं नव्हतं हो. तेवढं माझं चुकलं. आणि शनिवारी तिचं विमान आहे, लक्षात आहे ना?"

"आता आभारप्रदर्शन," डॉक्टर दाणींनी टेबलावर पेन आपटलं. "श्रीयुत टिपणीस."

गिरीश व्यासपीठाकडे चालायला लागला. हॉल फारतर पंधरा पावलांचा, पण त्याला पुण्याहून इथवर यायला याहून कमी वेळ लागला होता. आभाराचा कागद खिशात होता. त्यात जिल्हा कौन्सिल, चर्च, प्रोजेक्टर देणारी शाळा, सगळ्यांची नावं क्रमानं होती. त्यानं कागद काढला, बघितला, आणि पालथा घालून टेबलावर ठेवला.

"आभारांपूर्वी," तो म्हणाला, "एक शुद्धिपत्र द्यायचं आहे."

"मोठ्यानं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"शुद्धिपत्र!" गिरीश मोठ्यानं म्हणाला. "प्रास्ताविकात दुसऱ्या वाक्यात 'राखी' असा शब्द आला आहे, तो चूक आहे. त्याच वाक्यात पुढे 'भगिनी' आणि 'ताई' असे दोन शब्द आले आहेत. तेही वगळावेत. या चुका वक्त्याच्या आहेत. संदर्भग्रंथ एकच वापरल्यामुळे त्या झाल्या."

"त्या जागी काय वाचायचं?" हा आवाज मोहनचा होता.

पुन्हा हशा पिकला. मीनल विओरिकाच्या कानाशी लागून भराभरा सांगत होती. सांगून झालं तशी विओरिका उठली. तिनं सरळ गिरीशकडे बघत इंग्रजीत उत्तर दिलं, आणि मीनलनं ते आज्यांसाठी मराठीत आणलं.

"ती म्हणते, काकांना सांगायला भीती वाटत असेल तर घाई नाही. उद्या नऊ मार्च. उद्या त्यांच्या शहरात चाळीस संतांचा दिवस असते. त्या दिवशी पुरुषांनी चाळीस ग्लास वाइन प्यायची, अशी खरी प्रथा आहे. चाळिसाव्या ग्लासला तर त्यांच्याकडचा दगड पण बोलतो."

"मी शेजारी थांबतो!" मोहन ओरडला. "ऑक्सिजन घेऊन!"

गिरीशनं आयुष्यात नाताळच्या पार्टीतल्या शेरीपलीकडे काही घेतलं नव्हतं. त्यानं विओरिकाकडे बघितलं. ती चेष्टा करत होती, पण हसत नव्हती. ही चेष्टा आपल्याला निसटायला ठेवलेलं दार आहे, हे त्याला कळलं. हसून 'बरं, उद्या' म्हणायचं, आभार मानायचे, चहा घ्यायचा. मग सोमवार, मंगळवार, शनिवार.

"चाळीस नकोत," तो इंग्रजीत म्हणाला. "मी आत्ताच सांगतो. मला बोलता येत नाही, पत्रं लिहिता येतात. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी एक वाक्य लिहायचो, ते खोडायचो आणि खाली 'आपला विश्वासू' लिहून सही करायचो. वाक्य असं आहे. तुम्ही शनिवारी जाऊ नका. आणि जायलाच हवं असेल, तर मलाही घेऊन जा."

"काय म्हणाला? काय म्हणाला?" पुढच्या रांगेतून विचारणा झाली. मीनलला त्या दिवशी पहिल्यांदाच शब्द सुचेना. तिनं नुसतीच मान डोलावली, पण आज्यांना तेवढं पुरलं.

"आमच्याकडे घरात हीटर दिवसातून चार तास चालतो," विओरिका म्हणाली.

"मी स्वेटर घालून झोपतो. इथंही."

"लायब्ररीत उंदीर आहेत."

"कुठल्या विभागात?"

"इतिहासाच्या."

"मग त्यांची निवड चांगली आहे."

"आणि माझा स्वभाव फार वाईट आहे, गिरीश. आत्ता बघितलात तुम्ही."

"हो," गिरीश म्हणाला. "सगळ्यांनीच बघितला."

विओरिका खाली बसली, शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पर्स उचलून तिनं मांडीवर घेतली आणि पदर सावरून ती खुर्ची हातानं थोडी जवळ ओढली.

"श्रीयुत टिपणीस," डॉक्टर दाणी घड्याळाकडे बघत म्हणाले, "आभार अजून राहिलेत."

"सर्वांचे आभार," गिरीश म्हणाला आणि त्या खुर्चीत जाऊन बसला.